हमरस्ता, कडेचा रस्ता आणि सगळ्यांचा नकाशा

पानशेत-डोणजे बाजूचा भाजीचा टेम्पो खडकवासल्याहून पुण्याकडे निघाला, की सिंहगड रस्त्याने नांदेड फाटा, धायरी फाटा करीत वडगावच्या पुलापाशी येतो. तिथे डोक्यावरून मुंबई–बेंगळुरू महामार्ग जातो. गाडीवरचा माणूस मुरलेला असला तर त्याला कुणाला विचारायची गरज पडत नाही. पण नवा मुलगा गाडीवर असला आणि माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डाला न नेता नऱ्ह्याच्या एखाद्या गोदामात उतरवायचा असला, तर तो आजच्या रिवाजाप्रमाणे मोबाईल पुढ्यात ठेवतो आणि त्यातली बाई सांगेल तसा वळतो.

आता त्या पुलापाशी तिच्यासमोर तीन तऱ्हेचे रस्ते आहेत. खालचा सिंहगड रस्ता, वरचा महामार्ग आणि महामार्गाच्या अंगाला बिलगून जाणारा कडेचा रस्ता, म्हणजे आपण ज्याला सर्व्हिस रोड किंवा सेवा रस्ता म्हणतो तो. गोदाम कडेच्या रस्त्यावर आहे. बाईने गाडी वरच्या महामार्गावर चढवली, तर गोदाम डोळ्यांना दिसते पण तिथे उतरता येत नाही. मध्ये कठडा असतो. मग पुढचे उतरायचे ठिकाण येईपर्यंत जावे लागते आणि तिथून परत फिरावे लागते. डिझेल जळते, मेथी कोमेजते, आणि पोराला वाटते की आपलेच काही चुकले.

चूक पोराची नसते, त्या बाईचीही नसते. नकाशात रस्त्याला जो दर्जा लिहिलेला असतो, तोच ती वाचते. तो दर्जा कोण लिहितो, कसा लिहितो आणि त्यात तुमच्या-आमच्यासारख्यांना काय करता येते, हे आज सांगायचे आहे.

गावजेवणासारखा नकाशा

मोबाईलवरचे काही नकाशे कंपन्यांच्या मालकीचे आहेत. त्यांचा कच्चा माल त्यांच्या कुलपात असतो. पण एक नकाशा असा आहे की तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. त्याचे नाव ओपनस्ट्रीटमॅप. २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने तो सुरू केला. तिथल्या सरकारी मोजणी खात्याचे नकाशे चांगले होते, पण त्यांची माहिती वापरायला पैसे मोजावे लागत. तेव्हा त्याने ठरवले, आपणच रस्त्यावर हिंडावे, आपणच रेघ ओढावी आणि ती सगळ्यांना फुकट वापरू द्यावी. पुढे जगभरचे लाखो लोक त्यात सामील झाले. गावजेवणाला जसा कोणी तांदूळ आणतो, कोणी लाकूडफाटा, कोणी नुसता वाढायला उभा राहतो, तसा हा प्रकार आहे. खाते उघडले की कोणालाही त्यात रस्ता काढता येतो, नाव लिहिता येते, दुसऱ्याची चूक दुरुस्त करता येते. कुणी, केव्हा, काय बदलले याची कायमची नोंद राहते, त्यामुळे कोणी खोडसाळपणा केला तर तो मागे फिरवता येतो.

२०१० साली हैतीत आणि २०१५ साली नेपाळात भूकंप झाला, तेव्हा मदतीला धावलेल्या पथकांनी हाच नकाशा वापरला. घरबसल्या हजारो लोकांनी उपग्रहाची चित्रे पाहून दूरदूरच्या वाड्यांचे रस्ते थोड्याच दिवसांत रेखाटले होते.

आपल्याकडे नकाशा काढणे हे फार दिवस सरकारी काम समजले गेले. सर्व्हे ऑफ इंडिया हे खाते १७६७ सालचे, आणि नकाशांवरची बंधनेही बरीच जुनी. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने नवे नियम काढले आणि भारतीय नागरिकांना व भारतीय संस्थांना नकाशे करण्यासाठी आधी परवाना घेण्याची अट उठवली. संवेदनशील ठिकाणांबाबतचे निर्बंध तेवढे राहिले. खडकवासल्याच्या लोकांना हे वेगळे सांगायला नको. तलावाच्या काठालाच राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, आणि तिच्या कुंपणाआतल्या वाटा काढीत बसणे हे आपले काम नव्हे.

रस्त्याची प्रत कशी ठरते

रस्त्यांना प्रती लावण्याचे काम आपल्या मुलखाला नवे नाही. डिसेंबर १९४३ मध्ये सगळ्या प्रांतांचे आणि संस्थानांचे मुख्य अभियंते नागपुरात जमले होते. तिथे वीस वर्षांचा रस्ते-आराखडा झाला. तो आजही नागपूर योजना म्हणून ओळखला जातो. शेतीने सुधारलेल्या भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर राहू नये, असा त्यांचा हिशेब होता. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक महामार्ग, जिल्ह्याचे मोठे व लहान रस्ते आणि गावरस्ते ही उतरंड तिथेच पक्की झाली. प्रांतिक महामार्ग पुढे राज्य मार्ग झाला. आजही सार्वजनिक बांधकाम खात्याच्या फलकावर तुम्हाला रा.मा., प्र.जि.मा., इ.जि.मा., ग्रा.मा. अशी अक्षरे दिसतात. राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, असा त्यांचा अर्थ. ज्याला अक्षरे वाचायची नाहीत त्याने किलोमीटरच्या दगडाचा माथा पाहावा. पिवळा माथा राष्ट्रीय महामार्गाचा, हिरवा राज्य मार्गाचा, नारिंगी ग्रामीण रस्त्याचा.

ओपनस्ट्रीटमॅप इंग्लंडात जन्मला, म्हणून त्यातल्या प्रतींची नावे विलायती आहेत. सगळ्यांत वर मोटरवे, मग ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शियरी, अनक्लासिफाइड, आणि घरांच्या आळीतला तो रेसिडेन्शियल. भारतात हा नकाशा करणाऱ्यांनी साधारण असा रिवाज पाडला आहे की द्रुतगती मार्ग तो मोटरवे, राष्ट्रीय महामार्ग तो ट्रंक, राज्य मार्ग तो प्रायमरी, प्रमुख जिल्हा मार्ग तो सेकंडरी, आणि त्याखालचे उतरत्या क्रमाने.

ऐकायला सोपे वाटते, पण खाचा आहेत. 'अनक्लासिफाइड' हा शब्द घ्या. वाचणाऱ्याला वाटते, ज्याची प्रत ठरली नाही असा रस्ता. तसे नाही. इंग्लंडात तो गावागावांना जोडणाऱ्या लहान रस्त्याचा दर्जाच आहे. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाणारा आपला एकेरी डांबरी रस्ता बहुतेक वेळा यातच बसतो. पुष्कळ नवशिके तिथे अडखळतात.

दुसरी खाच उत्साहाची. बाह्यवळणाचा महामार्ग सहा पदरी, मोटारी भरधाव, म्हणून कोणी त्याला वरची प्रत देऊन मोटरवे करून टाकतो. त्याला वाटते आपण रस्त्याचा मान वाढवला. पण मोटरवे याचा अर्थ जिथे फक्त ठरावीक मोटारगाड्यांनाच मुभा आहे असा रस्ता. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग तसा आहे, तिथे दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना मज्जाव आहे. कात्रज–देहूरोड बाह्यवळण त्या जातीचे नाही. त्याला मोटरवे म्हटले की मोबाईल दुचाकीवाल्याला त्याच्या आसपासही नेणार नाही, उगाच शहरातून फिरवील. मानाचा फेटा चुकीच्या डोक्यावर बांधला की असे होते.

आणि उलटही आहे. कागदावर राष्ट्रीय महामार्ग म्हणून जाहीर झालेला, पण प्रत्यक्षात समोरून एस.टी. आली तर एकाला खाली उतरावे लागते, असा रस्ता तुम्ही कुठे ना कुठे पाहिला असेल. त्याला कागदाप्रमाणे ट्रंक म्हणावे, की कामाप्रमाणे खालची प्रत द्यावी? यावर नकाशा करणाऱ्यांत वर्षानुवर्षे वाद आहेत. एकाने बदलावे, दुसऱ्याने परत फिरवावे. मला विचाराल तर प्रत कागदाप्रमाणे राहू द्यावी, पण रुंदी, पदर आणि पृष्ठभाग यांचे जे वेगळे रकाने आहेत ते इमानाने भरावेत. म्हणजे सरकारी दर्जाही राहतो आणि गाडीवाल्याला रस्त्याची खरी कुवतही कळते. ते रकाने न भरता नुसती प्रतीवरून भांडणे करणारे फार.

'सर्व्हिस' या शब्दाचा घोटाळा

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. महामार्गाच्या कडेच्या रस्त्याला आपण सर्व्हिस रोड म्हणतो. नकाशाच्या यादीतही 'सर्व्हिस' नावाची एक प्रत आहे. मग सरळच झाले की नाही? सर्व्हिस रोड, म्हणून सर्व्हिस. इथेच सगळे फसतात.

त्या यादीतला 'सर्व्हिस' म्हणजे पेट्रोल पंपाच्या आवारातला रस्ता, कारखान्याच्या फाटकापासून आतला, वाहनतळातला, इमारतीमागचा बोळ. म्हणजे जो रस्ता एखाद्या जागेपुरता आहे आणि ज्यावरून पुढे कुठे जायचे नसते. वाट शोधणारी यंत्रणा अशा रस्त्याला हलका समजते आणि शक्यतो टाळते. आता नऱ्हे, वडगाव, वारजे या बाजूंचा कडेचा रस्ता पाहा. त्यावर दुकाने, गोदामे, दवाखाने, मंगल कार्यालये, वस्त्यांच्या गल्ल्यांची तोंडे. हजारो माणसे त्यावरूनच रोज कामाला जातात. असा रस्ता म्हणजे आवारातला बोळ नव्हे. तो ज्या कामाचा आहे तीच प्रत त्याला द्यायला हवी. नुसती घरे असतील तर रेसिडेन्शियल, दोन वस्त्या जोडीत असेल तर अनक्लासिफाइड, रहदारी मोठी असेल तर टर्शियरी. आणि तो महामार्गाच्या कडेचा आहे, हे सांगायला स्वतंत्र खूण आहे, ती लावावी. बोलीतला शब्द आणि यादीतला शब्द एकच निघाला एवढ्यावर रस्त्याचे नशीब ठरू नये.

मग तो महामार्गाच्या प्रतीचाच का म्हणू नये, असेही काही जण विचारतात. शेजारी राहतो म्हणून पाटलाचा सालगडी पाटील होत नाही, तसेच हे. महामार्गाचा क्रमांक महामार्गालाच. कडेच्या रस्त्यावर ४८ हा आकडा लिहिला, की मोबाईल लांब पल्ल्याचा कंटेनर त्या वस्तीच्या रस्त्यात घालतो.

रेघा ओढतानाची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मध्ये दुभाजक असला की जाणारा आणि येणारा अशा दोन रेघा, प्रत्येकीला एकेरी वाहतुकीची खूण. कडेच्या रस्त्यात आणि महामार्गात कठडा असला की त्याची तिसरी रेघ, पलीकडच्या बाजूला चौथी. जिथे कठडा मोकळा सोडून गाड्या चढायला-उतरायला वाट ठेवली आहे, तिथेच फक्त जोडरस्ता काढावा. ही जोडणी म्हणजे खरा जीव. ती राहिली तर मोबाईलला वाटते, महामार्गावर जायलाच वाट नाही. आणि नसलेली जोडणी काढली तर तो भर वेगातल्या गाडीला कठड्यापाशी वळायला सांगतो.

कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलाकडे येणारा उतार तुम्ही ऐकून असाल. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री तिथे एका अपघातात सुमारे ४८ गाड्या एकमेकींवर आदळल्या. त्या अपघाताचा नकाशाशी काही संबंध नव्हता. पण ज्या उतारावर भरलेले ट्रक असे येतात, तिथे कडेच्या रस्त्यावरून महामार्गावर नेमके कुठे चढता येते आणि कुठे येत नाही, हे नकाशात अंदाजाने लिहून चालेल का? जाऊन पाहिलेल्या माणसानेच ते लिहावे.

एकेरी की दुहेरी, हाही असाच प्रश्न. कडेच्या रस्त्यावर फलक एकेरीचा आणि गाड्या दोन्ही बाजूंनी, हे चित्र तुमच्या ओळखीचे आहे. नकाशात फलकाप्रमाणे लिहावे. लोक उलटे येतात म्हणून उलटे येणे कायदेशीर होत नाही, आणि नकाशाने त्याला मान्यता देऊ नये.

रस्ता बदलला की नकाशाही बदलावा लागतो. चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ च्या आरंभी एका रात्रीत स्फोटाने पाडला आणि १२ ऑगस्ट २०२३ ला नव्या पुलांचे व रस्त्यांचे उद्घाटन झाले. मधल्या काळात तिथला नकाशा आज खरा तर उद्या खोटा. ज्या नकाशाला त्या चौकातून रोज जाणारी माणसे दुरुस्त करू शकतात, त्याचे मोल अशा वेळी कळते.

नाव एक, हाका अनेक

क्रमांकाचा गोंधळ तर सरकारनेच घातला, पण तो शहाणपणाचा होता. पूर्वी मुंबई–पुणे–बेंगळुरू–चेन्नई हा रस्ता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ होता. २०१० साली देशभरच्या क्रमांकांची फेरमांडणी झाली. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे चढते. पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम, उत्तरेकडून दक्षिणेकडे चढते. त्यात दिल्लीहून मुंबई-पुण्यावरून चेन्नईला जाणारा सबंध रस्ता ४८ झाला. पुणे–सोलापूरचा ९ गेला आणि ६५ आला, पुणे–नाशिकचा ५० जाऊन ६० आला, मुंबई–गोव्याचा १७ जाऊन ६६ आला. गंमत अशी की ४८ हा आकडा आधी बेंगळुरूकडून मंगळुरूला जाणाऱ्या रस्त्याचा होता. जुनी माणसे अजून 'एनएच फोर' म्हणतात. नकाशात जुन्या क्रमांकाचाही रकाना आहे. तिथे ४ लिहावा, चालू क्रमांकाच्या जागी ४८ लिहावा, म्हणजे दोघांनाही रस्ता सापडतो.

नावाचे तसे नाही. क्रमांक सबंध वाटेचा असतो, नाव त्या-त्या तुकड्याचे. आपल्याकडे रस्ता जिकडे जातो त्याचे नाव घेतो. स्वारगेटला उभा राहिलेला माणूस म्हणतो सिंहगड रस्ता. खडकवासल्यात उभा राहिलेला म्हणतो पुण्याचा रस्ता. रस्ता एकच. पुण्यात जो सातारा रस्ता तोच साताऱ्यात पुणे रस्ता. नकाशात दोन्ही खरी, पण जागा चुकता कामा नये. फलकावरचे, पत्त्यात चालणारे नाव मुख्य रकान्यात. लोकांच्या तोंडचे नाव पर्यायी नावाच्या रकान्यात. मुंबई–नागपूर महामार्गाचे सरकारी नाव 'हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्ग' आहे, पण ड्रायव्हर 'समृद्धी'च म्हणणार. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गाला यशवंतराव चव्हाणांचे नाव आहे, हे त्यावरून जाणाऱ्या कितीजणांना सांगता येईल? दोन्ही नावे ठेवायला नकाशात जागा आहे, मग एकासाठी दुसरे पुसायचे कशाला?

कडेच्या रस्त्याचे नाव काय लिहावे? पुष्कळ जण नावाच्या रकान्यात नुसते 'सर्व्हिस रोड' लिहितात. हे वर्णन झाले, नाव नव्हे. बैलाला 'बैल' म्हणून हाक मारण्यासारखे ते आहे. मात्र दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेत, दवाखान्याच्या पावतीवर 'सर्व्हिस रोड, नऱ्हे' असेच छापले जात असेल, तर ते तिथले नाव होऊन बसले असे मी मानतो. काटेकोर मंडळींना हे पटत नाही. त्यांचे म्हणणे, नाव नसेल तर रकाना कोरा ठेवा. पण पत्ता शोधणारा माणूस कोऱ्या रकान्यात काय शोधणार?

मराठीसाठी वेगळा रकाना आहे आणि आपल्या भागात तो पुष्कळ ठिकाणी रिकामा असतो. इंग्रजीत खडकवासला लिहिताना कोणी 'व' एका अक्षराने लिहितो, कोणी दुसऱ्या. किरकटवाडीची किरकिटवाडी होते. देवनागरीत नाव एकदा नीट पडले की म्हातारीलाही बोटाने गाव शोधता येते. ३० जून २०२१ ला २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नऱ्हे ही गावे आहेत. गाव शहरात गेले की रस्त्यांना नवी नावे पडतात, जुन्या वाडीची, ओढ्याची, फाट्याची नावे हळूहळू विरतात. ती लिहून ठेवायला गावातल्या माणसाइतका लायक दुसरा कोण?

काही पथ्ये

दुसऱ्या नकाशातून उतरवून घेऊ नये. कंपनीच्या नकाशातले नाव पाहून इथे लिहिणे ही चोरी होते आणि सगळे काम काढून टाकावे लागते. आपल्या डोळ्यांनी पाहिलेले, आपल्या पायांनी चाललेले तेच लिहावे.

होणारा रस्ता झाला म्हणून दाखवू नये. पुण्याभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याविषयी कितीतरी गावांत बोलणे चालते. नियोजित आणि बांधकाम चालू असलेल्या रस्त्यांना नकाशात वेगळ्या खुणा आहेत. आणि हेही सांगून ठेवतो, मोबाईलवर तुमच्या रानातून रेघ गेलेली दिसली म्हणून जमीन संपादनात गेली असे नव्हे. ते मोजणी खात्याच्या कागदांवरून आणि अधिसूचनेवरून ठरते.

तसेच बांधावरच्या वाटेचे. गावनकाशात पायवाट एकेरी तुटक रेघेने आणि गाडीवाट दुहेरी तुटक रेघेने दाखवलेली असते, ती तलाठ्याकडे पाहायला मिळते. वहिवाटीची वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ प्रमाणे, आणि बांधावरून नवी वाट हवी असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपवर रेघ ओढून हक्क मिळत नाही, आणि रेघ पुसून शेजाऱ्याचा हक्क जात नाही. भाऊबंदकी तिथे नेऊ नका.

कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर हे काम त्यांच्या हाती द्या. संगणकावर रस्ते काढता येतात. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी मोबाईलवर स्ट्रीटकम्प्लीट नावाची सोय आहे. ती जागेवर उभ्या माणसाला एकेक प्रश्न विचारते. या रस्त्याचे नाव काय? पृष्ठभाग डांबरी की मातीचा? उत्तर दिले की नोंद होते. तेवढेही नको असेल तर नकाशावर त्या जागी नुसती टीप ठेवता येते, 'इथे कठडा आहे, वर चढता येत नाही' अशी. दुसरा कोणी ती वाचून दुरुस्ती करतो. टीप मराठीत लिहिली तरी चालते. मात्र ठिकाण नेमके सांगावे. पुलाच्या कोणत्या अंगाला, साताऱ्याकडे तोंड केल्यावर डावीकडे की उजवीकडे, हे त्यात आले पाहिजे.